दांडीची रात्र

भांडण ऐकायला मी मुद्दाम उभी राहिले नव्हते. कुंडला गावात लुहारांचं घर आणि आमचं सुतारांचं घर यांच्यामध्ये एकच भिंत, तीही छातीइतकी, आणि मी भिंतीच्या अलीकडे बाजरी पाखडत बसले होते. पलीकडे आवाज चढल्यावर माझं सूप जरा हळू चालायला लागलं, एवढं मात्र कबूल करते.

"तिला सांग," वशरामबापा म्हणाले, "यापुढे दांडीला हात लावायचा नाही."

"ऐकलंस ना गं," जमकुबा म्हणाल्या.

"बा, त्यांना म्हणावं, माझी चूक कुठं झाली ते दाखवा." हा त्यांच्या सुनेचा, रळियातचा आवाज; बा म्हणजे तिची सासू, जमकुबा.

"ऐकलंत ना," जमकुबा म्हणाल्या.

"आणखी काय दाखवायचं? सहा तराजू परत आले. रिकामी पारडी सरळ होती. वजनमापाच्या साहेबानं वीस किलो इकडे आणि वीस किलो तिकडे ठेवले, तर काटा झुकला. वजनांची अदलाबदल केली, तरी त्याच बाजूला झुकला. म्हणजे वजनं निर्दोष आणि दांडी खोटी. दांडीवर खुणा कोण करतं? मी करतो? का तू करतेस?"

"मी तर भाकऱ्या करते," जमकुबा म्हणाल्या.

"आणि तो पदर. पदराआडून खुणा करते ही. डोळ्यांपुढे कापड आणि काम केसाच्या अंतराचं."

"बा, त्यांना म्हणावं, पदर आत्ता वर करते. मग माझं तोंड बघायचं की माझं काम, ते त्यांनीच ठरवावं."

"हे मी सांगणार नाही," जमकुबा म्हणाल्या.

सांगायची गरजही नव्हती. तिघंही एकाच अंगणात, हात-दोन हातांवर उभी. पण आमच्याकडे सून सासऱ्यापुढे लाज काढते, म्हणजे पदर हनुवटीपर्यंत ओढते, आणि त्याच्याशी सरळ बोलत नाही. सासराही सुनेशी बोलत नाही. लग्न होऊन अकरा वर्षं झाली होती, आणि त्या अकरा वर्षांतलं सगळं बोलणं जमकुबांच्या अंगावरून गेलं होतं. बिचारी म्हातारी तराजूच्या मधल्या कडीसारखी दोघांचाही भार घेऊन लटकलेली.

"दसऱ्याची पूजा झाली की टोचा ठाकरशीच्या हातात देणार," बापा म्हणाले. "अमरेलीला निरोप धाडलाय."

ठाकरशी म्हणजे बापांचा पुतण्या. टोचा म्हणजे दांडीवर खूण करायची पोलादी टोकाची सळई. बोटभर लांबीची ती वस्तू, पण ती ज्याच्या हातात, त्याचा शब्द त्या घरात चालायचा.

रळियात म्हणाली, "बा, दसऱ्याला अजून नऊ दिवस आहेत. नऊ दिवसांत चूक कुठली ते शोधून देते म्हणावं. नाही सापडली तर टोचा मी माझ्या हातानं ठाकरशीभाईंना देईन."

"ऐकलंत ना," जमकुबा म्हणाल्या, आणि बापा खाकरून भट्टीकडे निघून गेले. त्यांचं खाकरणं म्हणजे होकार, हे शेरीत, म्हणजे आमच्या गल्लीत, सगळ्यांना माहीत होतं.

टोचा तिच्याकडे आला कसा, ते सांगते. रळियात बोटादकडच्या एका खेड्यातली. तिचा बाप बैलगाड्यांच्या चाकांना धावा बसवायचा. इथं तराजूवाल्यांच्या घरात आली तेव्हा तिला फक्त भाता ओढायला बसवलं. पण पोर भाकरीचं पीठसुद्धा तीनदा मोजून घ्यायची. जमकुबा म्हणायच्या, "कणगी आपली आहे गं, पळून नाही जायची." तर ही म्हणायची, "बा, पहिल्या मापाला हात हलतो, दुसऱ्याला मन हलतं, तिसऱ्याला जरा स्वस्थ होते." पुढे बापांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. नवरा परबतभाई घण घालायला वाघ, पण बारीक नजर नाही. एक दिवस बापांनी मारलेली खूण अर्ध्या सुतानं बाजूला पडलीय, हे हिनं जमकुबांच्या कानात सांगितलं. बापांनी मोजून पाहिलं, सबंध दिवस जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी टोचा जमकुबांपुढे ठेवून म्हणाले, "तिला दे."

तेव्हापासून ती दाराशी बसायची, तोंड शेरीकडे आणि पाठ भट्टीकडे. भट्टीवर सासरा, म्हणून पाठ. परबतभाई मागून तिच्या खांद्यावरून दांडी पुढे करायचा, ती कंपासानं मापायची आणि तीन खुणा मारायची. एक मध्ये, तिथं दांडी टांगतात. दोन टोकांना, तिथं पारडी. मधल्यापासून दोन्ही टोकं सारख्या अंतरावर असली तर दोन्हीकडचं ओझं सारखं ओढतं आणि काटा उभा राहतो. एक बाजू केसभर लांब झाली की त्या बाजूचं ओझं आहे त्याहून जड भासतं. माझ्यासारख्या दोन यत्ता शिकलेलीला हे कळतं, कारण मी माझ्या नातवंडांना दांडीवर झुलवलंय. जाडं पोर मधल्या बाजूला सरकवून बसवायचं असतं.

त्या वर्षी शेंगांच्या खरेदीवाल्यांनी चाळीस मोठे तराजू सांगितले होते, दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी द्यायचे. शेर-मण जाऊन किलो नवीन आले होते, सगळ्यांना नवीन तराजू पाहिजे होते, आणि बापांनी हो म्हणून टाकलं होतं. एकतीस दांड्या तयार होत्या. त्यातल्या सहा तपासायला गेल्या आणि सहाच्या सहा तोंड पाडून परत आल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बापा जेवून आडवे झाले, तशी रळियात भिंतीशी आली.

"कंकु, तुझ्या लिंबाची ती आडवी फांदी मजबूत आहे का?"

"माझ्या सासूला झोपाळा होता तिथं. तिच्याहून जड काय आणतेस?"

"दांड्या. एकेक करून देते, धर."

आणि तिनं भिंतीवरून अकरा दांड्या माझ्याकडे दिल्या. माझे मालक तराजूंच्या लाकडी पेट्या करायचे, त्यामुळे आमच्या अंगणात तराजू दिसला तर कोणाला नवल वाटलं नसतं. ती मागच्या दारानं आली, एक दांडी फांदीला टांगली, पारडी अडकवली. एका पारड्यात वीस किलोचं वजन ठेवलं, दुसऱ्यात पोतं ठेवून त्यात वाळू घालायला लागली. मूठ, मग अर्धी मूठ, मग चिमूट. काटा उभा राहिला.

"झालं की," मी म्हटलं. "बरोबर आहे."

"थांब." तिनं पोतं उचलून वजनाच्या जागी ठेवलं आणि वजन पोत्याच्या जागी. काटा सावकाश कलला. फार नाही. अर्धी मूठ शेंगदाणे टाकले असते तर सरळ झाला असता. पण कलला.

"मघाशी सरळ होता ना गं?"

"मघाशी चूक आणि वाळू दोघी मिळून सरळ उभ्या होत्या," ती म्हणाली. "जागा बदलली की कळतं कोण कुणाच्या आधारानं उभं आहे ते."

मग तिनं मला कोळशाचा तुकडा दिला. त्या घराची रीत अशी की दांडीचं पहिलं टोक तापवून वाकवलं की तिथं लगेच चंद्रकोरीचा छाप मारायचा, आणि मग दुसरं टोक भट्टीत घालायचं. चंद्राची बाजू लांब निघाली तर भिंतीवर डावीकडे रेघ मारायची, दुसरी बाजू लांब निघाली तर उजवीकडे. मला आकडे वीसपर्यंतच येत होते, पण रेघा मारायला आकडे लागत नाहीत.

तीन दुपारी गेल्या त्यात. एकेका दांडीला ती तीनदा तोलायची. वाळू ओतून माझी कंबर धरली. पहिल्या दिवशी परबतभाई भिंतीवरून डोकावला.

"अगं, एवढं कशाला? एका पारड्याच्या बुडाला जरा शिसं चिकटवू, म्हणजे वीस किलोला काटा सरळ उभा राहील."

"आणि रिकाम्याला?"

"रिकाम्याला जरा झुकेल."

"आणि दहा किलोला?"

परबतभाई भिंतीवरची माती नखानं उकरायला लागला.

"पासंग एका ओझ्यापुरता खरा," ती म्हणाली. "बाकी सगळ्या ओझ्यांना खोटा. तुम्ही त्या माणसाला सांगणार का, की बाबा, कायम वीसच किलो शेंगा आण?"

"तुझी जागा जाईल, म्हणून म्हणतो गं."

"जाईल तर खऱ्यावरून जाईल."

तिसऱ्या दिवशी शेवटची दांडी उतरवली आणि आम्ही भिंतीकडे पाहिलं. डावीकडे दहा रेघा. उजवीकडे एकही नाही. आणि अकरावी दांडी, जिच्या कडेला घणाचा एक खड्डा होता, ती कशीही उलटसुलट केली तरी सरळ.

रळियात मटकन पायरीवर बसली. मला वाटलं खचली. मी चहा केला. तिनं रकाबीत ओतला आणि तसाच ठेवला.

"कंकु, माझा हात हलत असता, माझा डोळा चुकत असता, तर रेघा इकडेतिकडे पडल्या असत्या. पाच डाव्या, सहा उजव्या. हात काही रोज एकाच बाजूला हलत नाही. दहाच्या दहा एकाच बाजूला, म्हणजे काहीतरी मला दर वेळी एकाच बाजूला ढकलतंय."

"भूतबाधा?"

"भुताला एवढं मोजता आलं असतं तर बापांनी त्यालाच टोचा दिला असता."

मग तिनं कंपास घेऊन एका खोट्या दांडीची दोन्ही अंतरं मापली. चंद्राकडचं अंतर दुसऱ्या बाजूपेक्षा केसभराहून जरा जास्त. तीनदा मापलं, तीनदा तेवढंच. "पण खूण मारताना हे सारखं होतं," ती म्हणाली. "तेव्हाही तीनदा मापलं होतं. मी खोटी नाही आणि कंपासही खोटा नाही. मग माझ्या मागे दांडी बदलली."

"लोखंड कसं बदलेल गं?"

ती उठली, भिंतीशी गेली आणि नवऱ्याला हाक मारली. "अहो, ती खड्डा पडलेली दांडी. ती कधी केली होती?"

परबतभाई डोकं खाजवत आला. "ती होय. तो खड्डा माझाच. कोळसा संपला होता बघ संध्याकाळी, खूण करायची राहूनच गेली. रात्रभर पडून होती ओसरीवर. सकाळी दिली मी तुला."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्या काय, भट्टीतून काढल्या, पाण्यात बुडवल्या, पोत्याचा तुकडा गुंडाळला आणि दिल्या. बापांची घाई चाललीय, बघतेस ना. पूर्वी आज घडवलेली उद्या तुझ्याकडे यायची."

ती हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा. मग म्हणाली, "माझा बाप ऐकेल तर मला दारात उभी करणार नाही."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले, तेव्हा तिनं सांगितलं. तिच्या माहेरी चाकाची लोखंडी धाव लाकडाहून लहानच करायची. ती लालभडक तापवली की वाढते, चाकावर सहज बसते. मग पाणी ओतायचं. लोखंड निवून आखडतं आणि लाकडाला असं आवळतं की चाक ओरडतं. लहानपणी पाणी ओतायचं काम तिचंच. "लोखंड तापलं की लांब होतं, हे मला दुधाच्या दातांपासून माहीत. आणि इथं दुसरं टोक नुकतं भट्टीतून आलेलं, पोत्यात धरून मी मापत होते. गरम असताना दोन्ही बाजू सारख्या. रात्री दुसरी बाजू निवली, आखडली. चंद्राची बाजू आधीच निवलेली, ती राहिली लांब."

"पण हाताला कळलं नाही तुझ्या?"

"कळलं. कोमट लागायचं. मला वाटलं, आश्विनातलं ऊन." मग म्हणाली, "पाठ भट्टीकडे ना माझी. कुठली दांडी केव्हा बाहेर आली ते मी बघायचं कसं?"

त्याच दिवशी जाऊन सांगून मोकळी झाली असती. पण नाही. म्हणाली, बोलून दाखवलं तर ते बोलणं होईल आणि जमकुबांना पुन्हा मध्ये लटकावं लागेल. तिनं परबतभाईला सांगून दोन नव्या दांड्या घडवून घेतल्या. एकीवर गरम असताना खुणा मारल्या, दुसरीला राखेत रात्रभर झोपवली आणि सकाळी मारल्या.

दसऱ्याला लुहारवाड्यात भट्टी पेटत नाही. ऐरण धुतात, घणाला, सांडशीला, टोच्याला कुंकू लावतात. ठाकरशी अमरेलीहून नवा सदरा घालून आला होता. मी प्रसादाच्या निमित्तानं भिंतीच्या पलीकडे गेले, उगाच का खोटं बोलू. पूजा झाली, बापांनी टोच्याकडे हात नेला, तेवढ्यात रळियात जमकुबांना म्हणाली, "बा, आधी त्या दोन तराजूंचं बघायला सांगा त्यांना."

दोन्ही तराजू ओसरीच्या वाशाला टांगलेले होते. बापांनी मोतीबिंदूचा डोळा काट्याजवळ नेला, वजन ठेवलं, वाळूचं पोतं ठेवलं, काटा सरळ केला आणि अदलाबदल केली. एकीचा काटा कलला. दुसरीचा हलला नाही. त्यांनी पुन्हा केलं. मग ठाकरशीला करायला लावलं.

"फरक काय दोघींत?" त्यांनी जमकुबांना विचारलं.

"बा, म्हणावं, ही गरम असताना मापली. ती रात्रभर निवू दिली. बाकी हात तोच, टोचा तोच, पदर तोच. गरम लोखंडावर खुणा मी मारल्या, तेवढी चूक माझी. घाई कुणाची ते मी म्हणत नाही."

जमकुबांनी यातलं एक अक्षर पुढे सांगितलं नाही. नुसत्या बापांकडे बघत राहिल्या.

ठाकरशी म्हणाला, "काका, तीन दिवसांत माल द्यायचाय. शिसं लावून द्या हो. शेंगावाल्यांना काय कळतंय."

बापा हळूच वळले, आणि जे अकरा वर्षांत झालं नव्हतं ते झालं. त्यांनी थेट सुनेच्या पदराकडे बघून विचारलं, "खोट्या किती आहेत एकूण?"

रळियातनं पदर आणखी बोटभर खाली ओढला.

"बा, त्यांना सांगा, आधीच्या एकतीसांत तीस. एक खरी आहे, खड्डा पडलेली."

बापांनी टोचा उचलला, कुंकवासकट, आणि जमकुबांच्या हातात दिला. "जिचा आहे तिला दे." मग ठाकरशीला म्हणाले, "तू आलाच आहेस तर सदरा काढून ठेव. उद्यापासून तीस दांड्या पुन्हा घडवायच्यात, उरलेल्या वेगळ्या. दुसऱ्या हाताची गरज आहे." आणि स्वतः जोडे घालून शेंगावाल्यांकडे गेले, माल पंधरा दिवस उशिरा मिळेल आणि का मिळेल ते सांगायला. परत आले तेव्हा काय झालं ते कोणी विचारलं नाही. त्यांनी ताकाचे तीन पेले घेतले, त्यावरून सौदा टिकला हे समजलो.

तेव्हापासून त्या घरात घडवलेली दांडी रात्रभर राखेत ठेवल्याशिवाय टोच्यापुढे येत नाही. पुढे सगळ्या शेरीनं ते उचललं. संध्याकाळी लुहार एकमेकांना हाक मारून विचारायचे, "काय रे, दांडी झोपली का?" बाहेरच्या माणसाला वाटायचं, पाळण्यातल्या पोरीची चौकशी चाललीय. रळियातनं आपलं बसणंही फिरवून घेतलं, तोंड भट्टीकडे. पदर होताच. त्यातून तिला दिसायचं तेवढं दिसायचं.

चाळीस वर्षं तिनं टोचा धरला. बापा गेले, जमकुबा गेल्या, परबतभाई गेला. आकडे दाखवणारे तराजू आले आणि शेरीतल्या निम्म्या भट्ट्या विझल्या. ती म्हातारी झाली, लोक तिला रळियातबा म्हणायला लागले. पण अमावास्येला, म्हणजे लुहारांच्या सुटीच्या दिवशी, ती नेमानं बाजारात जायची. कापडी पिशवीत स्वतःचं एक किलोचं वजन. प्रत्येक भाजीवाल्याचा तराजू अदलाबदल करून बघायची. भाजीवाले आधी चिडायचे, मग सवय झाली. पुढे पुढे ज्याच्याकडे ती थांबली नाही त्याच्याकडे गिऱ्हाईक संशयानं बघायचं. आकड्यांच्या तराजूवर ती आपलं वजन ठेवायची, उचलायची, पुन्हा ठेवायची, तीनदा. म्हणायची, "याला बाजूच नाहीत, अदलाबदल कशाशी करू? निदान तीनदा विचारते."

परवाच्या आषाढी अमावास्येला आम्ही दोघी गेलो. चार दिवसांनी ती गेली, म्हणून त्या फेरीला शेवटची म्हणायचं. नाहीतर त्यात वेगळं काही नव्हतं.

भाजीवाल्या रजाकनं लांबूनच पाहिलं. "या, रळियातबा. साहेब तरी वर्षातून एकदा येतात. तुम्ही महिन्याला."

"साहेबाला पगार आहे. मला वांगी पाहिजेत. अर्धा किलो दे, बारकी."

त्यानं वांगी तोलली. काटा सरळ. तिनं बोटानं नुसती खूण केली आणि त्यानं उसासा टाकून वांगी आणि वजन यांच्या जागा बदलल्या. काटा इतका कमी कलला की मला दिसलाच नाही.

"रळियातबा, आता तुमचे डोळे," रजाक म्हणाला.

"डाव्या पारड्याचं बूड बघ."

त्यानं पारडं उलटं केलं. कोथिंबिरीच्या मुळाची माती वाळून चिकटली होती. तिनं पदराच्या टोकानं ती पुसली, नखानं खरवडली, पुन्हा पुसली. मग दोन्ही वेळा तोललं. सरळ, आणि सरळ. रजाकनं एक वांगं वर टाकलं. तिनं ते परत त्याच्या टोपलीत ठेवलं.

येताना नावली नदीच्या पुलावर दोनदा टेकली. घरी पोचल्यावर वांगी जमिनीवर ओतली, एक किलोचं वजन पुसून कोनाड्यात ठेवलं आणि पिशवी झटकून खुंटीला अडकवली.